सपनानं आखलेली रेघ

अकरा ऑगस्टच्या सकाळी सपना कुमरे बेलटोलीच्या शाळेच्या छतावर मांडी घालून बसली होती आणि लॅपटॉपवरच्या एका आकड्याकडे बघत होती. उणे ब्याऐंशी. तिनं डिश अर्धा बोट डावीकडे वळवली. उणे त्र्याऐंशी. पुन्हा उजवीकडे. उणे ब्याऐंशी. वारा आला की आकडा नव्वदीला जाऊन टेकायचा आणि इंटरनेटची लाइन तुटायची. खाली किसनरावांच्या रेशन दुकानासमोर वीसएक माणसं थैल्या घेऊन उभी होती. अंगठ्याचं मशीन चालत नव्हतं आणि अंगठा उमटल्याशिवाय तांदूळ मिळत नव्हता. त्यातलं कुणी वर बघून काही बोलत नव्हतं. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

हा आकडा नेहमी उणेच असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरकस. एप्रिलमध्ये सपनानं ही लाइन सुरू केली तेव्हा तो उणे सत्तावन्न होता. त्या दिवशी तिनं तो वहीत दोनदा लिहून ठेवला होता.

बेलटोली हे वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, जंगलाच्या कडेला वसलेलं साठ घरांचं गाव. बहुतेक घरं गोंडांची. मोबाइलचा सिग्नल गावात येत नव्हता. ओटीपी पाहिजे असला की लोक तलावाच्या पाळीवर जाऊन फोन वर धरून उभे राहायचे. रेशनचं मशीन घेऊन किसनराव महिन्यातून चार दिवस पाच किलोमीटरवरच्या धामणवाड्याला जाऊन बसायचे आणि सगळं गाव त्यांच्यामागे पायी जायचं. धामणवाड्यात जमिनीखालून आलेली इंटरनेटची तार होती. तिथून पुढं मधे डोंगराची धार आणि जंगल. खोदायची परवानगी मिळणार नव्हती.

सपनाचे वडील पुनाजी ती दहावीत असतानाच गेले. आई रामबाई मोहफुलं, तेंदूपत्ता, मजुरी, जे मिळेल ते करून घर चालवत राहिली. सपनानं वर्ध्याला आयटीआय केलं, नालवाडीत तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहिली, आणि मग बोरगाव मेघेत बिनतारी नेटवर्कचा सहा महिन्यांचा वर्ग सुरू झाल्याचं कळलं तेव्हा तिथं नाव घातलं. शिकवणारे धनंजय सर जुने लाइनमन. उभा जन्म खांबावर गेलेला माणूस. आठ रंगांच्या तारा क्रमानं लावून प्लग दाबायला त्यांनी पहिले आठ दिवस घालवले. मग रेडिओ, म्हणजे डिशमधून लहरी पाठवणारं यंत्र, जुळवणं, मग नकाशे. दोन टोकांमधली जागा फक्त दिसून चालत नाही, त्या सरळ रेघेभोवती फुगलेल्या फुग्याएवढी मोकळी हवा लागते, हे त्यांनी फळ्यावर नाही, मैदानात दोरी ताणून दाखवलं होतं. आणि एक गोष्ट ते रोज सांगत. "नकाशा खोटं नाही बोलत, पण सगळं सांगतही नाही. रेघ आखली की तिच्याखालून पायी चालायचं."

वर्ग संपला तेव्हा सपनानंच बेलटोलीचा आराखडा करून दिला. धामणवाड्याच्या पाण्याच्या टाकीवर एक डिश, बेलटोलीच्या शाळेवर दुसरी. मधलं अंतर सव्वाचार किलोमीटर. सामान वर्ग चालवणाऱ्या संस्थेनं दिलं, जागा पंचायतीनं. मार्चमध्ये ती टाकीवर चढून दुर्बिणीतून बघत बसली होती आणि इकडे शाळेच्या छतावरून रामबाईनं आरसा उन्हात धरला होता. धारेपलीकडून तो आरसा चमकला, तशी सपनानं आराखड्याखाली सही केली.

आता ऑगस्टमध्ये तिनं सगळं करून पाहिलं होतं. प्लगमध्ये पाणी गेलं असेल म्हणून प्लग बदलले. विजेचा अडॅप्टर बदलला. सरांनी वर्ध्याहून एसटीच्या पार्सलनं नवा रेडिओ पाठवला, तोही लावून झाला. जूनच्या शेवटी एकाहत्तर, जुलैत अठ्ठ्याहत्तर, आता ब्याऐंशी.

चार दिवसांपूर्वी किसनराव स्वतः छतावर आले होते. कोपऱ्यात वायरीचा हातभर तुकडा वरून सोललेला त्यांना दिसला. त्यांनी तो उचलून धरला.

"हे पाह्य," ते म्हणाले. "हे आपोआप नाई होत. हे कोनं केलं मले माहीत हाये."

सगळ्या गावालाच माहीत होतं ते कुणाचं नाव घेणार. नागेश मडावी. नागेश मध काढायचा. लाइन येणार म्हटल्यावर मार्चच्या ग्रामसभेत उठून तो एकटाच म्हणाला होता की या लहरींनी मधमाश्या पळतील, मले हे नको. लोक हसले होते.

सपनानं ती वायर त्याच दुपारी बदलली. आकडा जागचा हलला नाही. म्हणजे लाइन त्या वायरीमुळं पडत नव्हती. हे तिला चार दिवसांपासून ठाऊक होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कशानं पडते? त्याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. तेवढ्यात गावात ठरलं होतं की पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि नागेशवर पोलिसात तक्रार द्यायची.

दुपारी ती घरी आली तेव्हा रामबाई जंगलातून नुकतीच परतली होती. तिनं सात्या आणल्या होत्या, वारुळाजवळ उगवणारी पांढरी अळंबी. सागाच्या दोन पानांत गुंडाळून, वेलीनं बांधून. रामबाईनं गाठ सोडली आणि पानं बाजूला टाकली. एकेक पान सुपाएवढं, जाड, खरखरीत, अजून ओलं.

सपना जेवता जेवता त्या पानांकडे बघत राहिली.

"माय, हे कुठचं पान?"

"धारेवरचं. सागाचं प्लांटेशन हाये नाई का तिथं, जंगलखात्याचं."

"तू मोह वेचाले गेलती, तवा होते का हे पानं?"

रामबाईला प्रश्नाचं हसू आलं. "तवा कुठची? एक पान नव्हतं झाडाले. मी सावली पाहू पाहू थकली. नुसत्या काड्या. काऊन?"

सपनाचा घास हातातच राहिला. मार्चमध्ये तिनं टाकीवरून पाहिलं होतं ते जंगल नव्हतं, जंगलाच्या काड्या होत्या. आरसा त्या काड्यांमधून चमकला होता.

ती उठली, तशीच खरकट्या हातानं शाळेच्या छतावर गेली. उणे ब्याऐंशीवर बोलण्यापुरतं इंटरनेट नव्हतं, म्हणून तलावाच्या पाळीवर जाऊन तिनं धनंजय सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "रेघ पायी चालली होतीस?"

सपनानं फोन या कानावरून त्या कानाला नेला.

"सपना."

"अडीच किलोमीटर चालली सर. पुढचं नाई. तवा तिकडं वाघ दिसला म्हणत होते. फाइलीत मी झाडांची उंची सात मीटर लिवली. दुर्बिणीतून पाहून."

"मग आता चाल," सर म्हणाले. "अंदाजानं बोलू नको. मोजून सांग. आणि एकटी जाऊ नको."

कुणाबरोबर जायचं हा प्रश्नच नव्हता. धारेवरचं जंगल पावसाळ्यातही पायाखाली असलेला माणूस गावात एकच होता.

नागेश अंगणात कुऱ्हाडीचा दांडा बसवत होता. सपना कुडाशी उभी राहिली. त्यानं मान वर केली नाही.

"नागेशदादा, मले धारेवर जायचं हाये. प्लांटेशनपर्यंत. तुमी येता का?"

"माह्यावर पोलीस आणून राह्यले, अन् मलेच जंगल दाखव म्हनतं?"

"लाइन वायरीनं नाई पडली," सपना म्हणाली. "वायर मी त्याच दिवशी बदलली. काई फरक नाई पडला."

आता त्यानं वर बघितलं. "तुले कधीपासून मालूम हाये हे?"

"चार दिवस झाले."

नागेशनं दांडा दोनदा जमिनीवर ठोकला. चार दिवसांत त्याच्या बायकोशी विहिरीवर कुणी बोललं नव्हतं. त्याच्या पोरीला शाळेत चोराची पोरगी म्हणून झालं होतं. हे सपनालाही माहीत होतं. तो उठला, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "सकाळी सातले निंगू. लाल कपडा नको घालजो. अन् मी थांब म्हनलं का थांबजो."

बारा तारखेला ते निघाले. सपनाच्या फोनवर नकाशा उतरवलेला होता आणि त्यावर तिनंच आखलेली रेघ होती, सरळ, निळी. पायाखाली तसलं काहीच सरळ नव्हतं. तरोटा कमरेएवढा वाढलेला, नाल्याला गुडघाभर पाणी, घाणेरीच्या काट्यांनी ओढणी सारखी धरलेली. नागेश दहा पावलं पुढं चालायचा, थांबायचा, ऐकायचा, मग पुढं.

नाला ओलांडल्यावर डावीकडे वांदर खेकसलं. एकदा, मग दुसऱ्या झाडावरून दुसरं. नागेशनं हात मागं केला. सपना थांबली. तो दोन पावलं मागं आला, तिला एका बेहड्याच्या खोडाला पाठ लावायला लावली आणि स्वतः तिच्याशेजारी तशीच पाठ लावून उभा राहिला.

"कोनत्या बाजूनं?" तिनं ओठांतल्या ओठांत विचारलं.

त्यानं हनुवटीनं वरची बाजू दाखवली. झुडपं इतकी दाट होती की पाच हातांपलीकडं हिरव्याशिवाय काही दिसत नव्हतं. वांदरं खेकसत राहिली. कुठंतरी चितळ ओरडलं. तिला वाटलं, आपण परत जावं. परत गेलो तर ग्रामसभेत काय बोलणार? आणि नाही बोललो तर हा माणूस, जो आत्ता आपल्या अंगावर येणारं काही असलं तर आधी स्वतःवर घ्यायला उभा आहे, त्याला जीपमध्ये बसवतील.

पंधरा मिनिटं गेली असतील. वांदरांचा आवाज हळूहळू उताराकडे सरकला आणि थांबला. नागेश खोडापासून दूर झाला. "गेलं खाली पानवठ्याकडं. चाल."

पुढं ओल्या मातीत पंजाचा ठसा होता. त्यात पाणी अजून भरलं नव्हतं. दोघांनी तो पाहिला आणि त्याच्या बाजूनं गेले.

प्लांटेशन धारेच्या बरोबर माथ्यावर होतं. रांगेत लावलेले साग, आणि त्यांच्या शेंड्यांवर पांढऱ्या फुलांचे तुरे. आत शिरलं तसा उजेड कमी झाला. वर पाहिलं तर पानावर पान, आभाळ दिसायला जागा नाही. सपनानं फोन पाहिला. त्यांचा ठिपका रेघेच्या बरोबर खाली होता.

"किती उंच असंन हे?" तिनं विचारलं.

नागेशनं तिच्याकडची मोजपट्टी घेतली, टोक कमरेला बांधलं आणि चढायला लागला. शेंड्याच्या जवळ, जिथं फांदी त्याचं वजन पेलेना, तिथून त्यानं काठीनं उरलेलं अंतर दाखवलं. सपनानं खाली आकडा वाचला. साडेतेरा मीटर. शेजारच्या दोन झाडांचे आकडेही तसेच. तिच्या हिशेबात रेघ इथं जमिनीपासून बारा मीटरवरून जात होती, आणि तिच्याखाली निदान साडेचार मीटर हवा मोकळी हवी होती. म्हणजे झाडं साडेसात मीटरच्या आत असायला पाहिजे होती. रेघ पानांच्या वरून नव्हे, पानांच्या पोटातून चालली होती, आणि पानं ओली होती.

ती एका बुंध्याशी खाली बसली. चूक इतकी सोपी होती की तिला रडूही येईना. नागेश उतरला, हात पुसले, आणि तिच्या वहीत डोकावून बघत म्हणाला, "म्हनजे झाडानं अडवलं?"

"झाडानं काऊन? मी नाई पाह्यलं."

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटून झाल्या आणि शाळेच्या वऱ्हांड्यात ग्रामसभा बसली. सरपंच सुलोचनाबाई खुर्चीवर होत्या. किसनरावांनी वायरीचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलावर ठेवला होता. नागेश शेवटी, भिंतीला टेकून उभा होता.

सुलोचनाबाईंनी पहिलाच विषय काढला आणि सपना उठली. रात्रभर तिनं बोलायचं ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलं.

"लाइन वायरीनं नाई पडली," ती म्हणाली. "माह्या चुकीनं पडली. मी मार्चमध्ये पाह्यलं तवा सागाले पानं नव्हते. मी तिथपर्यंत चालत गेली नाई. झाडं सात मीटर हायेत असं कागदावर लिवलं. ते साडेतेरा हायेत. बारा तारखेले मोजून आली."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हनजे आमी पावसात धामणवाड्याले गेलो ते तुह्या पायी?"

"हो."

"मंग वायर कोनं सोलली?" किसनराव म्हणाले.

"मले माहीत नाई, काका. वांदरं असतीन. मी कोनाले करताना पाह्यलं नाई, तुमीबी नाई. पन ती तुमाले सापडली त्याच दिवशी मी बदलली अन् आकडा हालला नाई. हे मी चार दिवस लपवलं. नागेशदादाचं नाव येऊन राह्यलं होतं तरी लपवलं."

रामबाई बायकांमध्ये बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढला. सपनानं तिकडं बघायचं टाळलं.

सुलोचनाबाईंनी कागद उचलला, तक्रारीचा ठराव वाचला आणि त्यावर आडवी रेघ मारली. "हे झालं," त्या म्हणाल्या. "आता लाइनचं काय?"

कुणीतरी झाडं तोडा म्हणालं. जंगलखात्याचं प्लांटेशन, कोण तोडणार? सपनानं सांगितलं की दोन्हीकडं सात-सात मीटरचे खांब वाढवता येतील, पण टाकीवर तेवढा उंच खांब वाऱ्यानं डुलेल आणि लाइन पुन्हा तुटेल. मधे एखादी उघडी जागा मिळाली, जिथून टाकीही दिसेल आणि शाळाही, तर रेघ दोन तुकड्यांत वळवून नेता येईल. पण जंगलात अशी जागा मागायची म्हणजे वर्ष जाईल.

"माह्या पट्ट्यात हाये," नागेश म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. वनहक्कात मिळालेली त्याची दीड एकर जमीन धारेच्या पूर्वेला होती आणि तिच्यात झाड न उगवणारा एक काळा खडक होता. "त्याच्यावरून टाकी दिसते. शाळेचा झेंडा आज सकाळी पाह्यला मी तिथून. पन माह्या अटी लिवून घ्या. खडकाच्या कपारीत सातेरी माश्यांचं पोळं हाये. तिथं मशीननं भोक पाडाचं नाई. अन् दिवाळीपर्यंत माश्या उठून गेल्या तर तुमचं सामान तुमी उचलून न्या."

"लहरीनं माश्या जातात का नाई, मले खरंच माहीत नाई," सपना म्हणाली. "पन अट मान्य हाये."

सुलोचनाबाईंनी रजिस्टरमध्ये दोन्ही अटी लिहून घेतल्या आणि सपनाची सही आधी घेतली.

यावेळी तिनं दोन्ही रेघा पायी चालल्या. एक नागेशबरोबर, एक धनंजय सरांबरोबर, आणि दर शंभर पावलांवर सगळ्यात उंच झाड मोजून. फाइल अकरा पानांची झाली. सरांनी तीन चुका काढल्या, तिनं पुन्हा जाऊन दोन जागा मोजल्या.

खडकावर खांब रोवायला छन्नी आणि हातोडाच वापरावा लागला. चार भोकं, एकेक वीतभर खोल. सपना आणि नागेश आळीपाळीनं बसले. हातोड्याचा घाव जोरात पडला की नागेश कपारीकडं बघायचा. तिसऱ्या भोकाच्या वेळी माश्यांचा आवाज एकदम चढला आणि पाचपन्नास माश्या बाहेर येऊन फिरायला लागल्या. त्यानं तिचा हात धरून थांबवला. दोघं खडकाच्या खाली जाऊन बसले, आवाज बसेपर्यंत. मग त्यानं छन्नीच्या डोक्यावर जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला. त्यानं ठोक्याचा आवाज कमी झाला आणि कामही निम्म्यानं मंदावलं. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागले. तिच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, तिनं चिंधी बांधली.

चौथ्या दिवशी खांब उभा राहिला. त्यावर दोन डिश, खाली बॅटरी आणि सौर पॅनेल. सर धामणवाड्याच्या टाकीवर होते, सपना खडकावर. टाकीकडचा तुकडा लवकर जुळला, उणे चोपन्न. शाळेकडचा जुळेना. उणे ऐंशी, उणे शहाऐंशी, मग काहीच नाही. पुन्हा काही बघायचं राहिलं का? तिनं वही काढली, एकेक झाड, एकेक आकडा बोट ठेवून वाचला. आकडे बरोबर होते. मग तिनं डिशचा स्क्रू पाहिला. आडवी जुळवताना डिश नकळत वर उचलली गेली होती आणि शाळेच्या डोक्यावरून आभाळाकडं बघत होती. तिनं ती केसभर खाली केली.

उणे एकोणसाठ.

ती खडकावर बसून राहिली. वारा सुटला, खालचे साग सळसळले, आकडा एकोणसाठवर राहिला. तिनं दहा मिनिटं त्याच्यावरून नजर काढली नाही. मग त्याच लाइनवरून फोन लावून सरांना म्हणाली, "उतरा सर."

सप्टेंबरचं रेशन बेलटोलीत वाटलं गेलं. किसनराव तिला काही म्हणाले नाहीत, नागेशलाही नाही. नागेशच्या बायकोशी विहिरीवर बोलणं सुरू व्हायला आणखी महिना लागला, आणि काही घरं अजूनही बोलत नाहीत. रामबाईला बाजारात बायका कधीमधी ऐकवतात, तुह्या पोरीनं पावसात पायी नेलं म्हणून. रामबाई म्हणते, नेलं खरं. दिवाळीला नागेशनं पोळं पाहिलं. माश्या होत्या. त्यानं सपनाला एवढंच सांगितलं की पुढच्या दिवाळीलाही पाहीन.

डिसेंबरात धारेपलीकडच्या दोन टोल्यांचं, म्हणजे छोट्या वस्त्यांचं, काम सपनाकडं आलं. संस्थेचे साहेब म्हणाले, मार्चपर्यंत आराखडा द्या. तिनं मार्चचा एक आराखडा देईन आणि पानं आल्यावर ऑगस्टचा दुसरा, असं कळवलं. त्यांना ते आवडलं नाही. तिनं पाण्याची बाटली भरली, मोजपट्टी पिशवीत टाकली आणि नागेशच्या घराकडं गेली.